राणीची बाग पाहायला जाण्यापूर्वी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाबद्दल, म्हणजेच राणीच्या बागेबद्दल, पहिल्यांदा जाणारे आणि लहानपणी शाळेच्या सहलीबरोबर जाऊन आलेले असे दोन्ही प्रकारचे लोक साधारण तेच प्रश्न विचारतात, आणि त्यांतले बहुतेक पेंग्विनपासून सुरू होतात. पुढील उत्तरांत मात्र झाडांना आणि दगडांना थोडा अधिक भाव दिला आहे, कारण केवळ पिंजरे पाहून परतणाऱ्याची बाग अर्धीही पाहून झालेली नसते.

बाग नेमकी कुठे आहे आणि तिथे कसे पोहोचावे?

बाग भायखळा पूर्वेला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गालगत आहे. मध्य रेल्वेच्या भायखळा स्थानकावर उतरून पूर्वेकडून बाहेर पडले की रमतगमत चालणाऱ्यालाही दहा-पंधरा मिनिटांच्या वर लागत नाहीत. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलणे सोयीचे. हार्बर मार्गाच्या गाड्या भायखळ्याला येत नाहीत, त्यामुळे नवी मुंबईकडून येणाऱ्यांनी कुर्ल्याला उतरून मध्य रेल्वेची लोकल धरावी.

स्थानकातून घाईने बाहेर पडू नये, एवढी एक सूचना. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली ती याच मार्गावरून, आणि भायखळा स्थानकाच्या जुन्या इमारतीच्या जीर्णोद्धाराला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला आहे. स्वतःची गाडी घेऊन येण्याचा मोह रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी टाळावा. वाहनतळ शोधण्यात जो वेळ जातो त्यात बागेची एक फेरी सहज होते.

बाग कोणत्या वारी बंद असते?

बुधवारी. मात्र बुधवारीच सार्वजनिक सुट्टी आली, तर त्या दिवशी बाग खुली ठेवून दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, बंद ठेवण्याची महापालिकेची पद्धत आहे. हे ठाऊक नसल्यामुळे गुरुवारी फाटकावरून परत फिरणारी कुटुंबे दर वर्षी दिसतात. एरवी बाग सकाळी साडेनऊच्या सुमारास उघडते आणि संध्याकाळी सहाला बंद होते. तिकीटखिडकी त्याच्या बरीच आधी बंद होत असल्याने दुपारचे चार वाजल्यानंतर लांबून निघण्यात अर्थ नाही. पहाटे फिरायला येणाऱ्या नेहमीच्या मंडळींसाठी पासाची वेगळी व्यवस्था आहे.

तिकीट किती आहे?

ऑगस्ट २०१७ पासून लागू झालेल्या दरांनुसार प्रौढांना ५० रुपये, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना २५ रुपये, आणि आई-वडील व दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबाला मिळून १०० रुपये आकारले जातात. त्यापूर्वी प्रौढांचे तिकीट ५ रुपये होते, आणि ते एकदम दहापट झाल्यावर शहरात बराच गदारोळ उठला होता. तिकीट ऑनलाइनही काढता येते. रविवारी खिडकीसमोरची रांग पाहता ते घरूनच काढलेले बरे. दर मधल्या काळात बदललेले नाहीत ना, याची खात्रीही त्याच वेळी होते.

बाग किती जुनी आहे आणि ती कोणी उभारली?

सर बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर असताना, १९ नोव्हेंबर १८६२ रोजी, लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. तिचे मूळ नाव व्हिक्टोरिया गार्डन्स, आणि त्यावरूनच लोकांच्या तोंडी राणीची बाग आली. स्वातंत्र्यानंतर जिजामातेचे नाव दिले गेले, तरी बसमध्ये कंडक्टरकडे तिकीट मागताना आजही मुंबईकर राणीची बागच म्हणतो.

बाग उभारली ती पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेने, अर्थात अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीने. या संस्थेची आधीची बाग शिवडीला होती. ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेल्यावर भायखळ्याची जागा घेण्यात आली. नाना शंकरशेट यांच्यासारखे शहराचे पुढारी या कामात अग्रभागी होते. हेतू केवळ हवा खाण्याचा नव्हता. परदेशांतून आणलेली झाडे इथल्या मातीत आणि इथल्या पावसात रुजतात का, हे पाहण्याचे ते ठिकाण होते. आफ्रिका, ब्रह्मदेश, दक्षिण अमेरिका अशा तीन दिशांची झाडे इथे हातभर अंतरावर भेटतात, त्याचे मूळ या हेतूत आहे. पुढे संस्था मोडकळीस आली आणि १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे सोपवण्यात आली. सुरुवातीचे क्षेत्र सुमारे ३३ एकर होते. १८९० मध्ये प्राण्यांसाठी आणखी १५ एकर जोडण्यात आले. प्राणी बागेत मागाहून आले, हा क्रम आज पुष्कळांना उलटा वाटतो.

झाडांची एवढी चर्चा होते, ती कोणती झाडे आवर्जून पाहावीत?

बागेत तीन हजारांच्या घरात झाडे आहेत आणि अभ्यासकांनी त्यांच्या २८६ जातींची नोंद केली आहे. दाट वस्तीच्या मध्य मुंबईत एका कुंपणाच्या आत इतके वैविध्य दुसरीकडे नाही. सगळी झाडे एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. पुढील तीन झाडे शांतपणे पाहिली तरी दिवस सार्थकी लागला असे समजावे.

पहिले गोरखचिंच. मूळ आफ्रिकेचे हे झाड शतकांपूर्वी व्यापाऱ्यांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आले. त्याचे खोड झाडाच्या खोडासारखे न वाटता रांजणासारखे फुगलेले दिसते, आणि उन्हाळ्यात पाने झडलेली असताना तर वरच्या फांद्या मुळांसारख्या भासून झाड उलटे रोवले आहे की काय अशी शंका येते. पावसाला सुरुवात होताच हाताच्या पंजासारखी पाने फुटतात आणि लांब देठांवर पांढरी, मोठी फुले लोंबू लागतात. ही फुले संध्याकाळनंतर उमलतात आणि त्यांचे परागीभवन वटवाघळे करतात. बाग सहाला बंद होत असल्याने उमलतानाचे फूल आपल्याला दिसत नाही, पण पावसाळ्यात सकाळी लवकर गेल्यास झाडाखाली रात्रीची फुले पडलेली सापडतात. तोवर त्यांचा पांढरा रंग तपकिरी होऊ लागलेला असतो. फळे खाणारी मोठी वटवाघळे बागेतल्याच उंच झाडांवर दिवसभर उलटी टांगलेली असतात, तेव्हा मान वर करून पाहण्यास विसरू नये.

दुसरे कैलासपती. हे मूळचे दक्षिण अमेरिकेचे, पण फुलाच्या मध्यभागी पिंडी आणि तिच्यावर फणा धरल्यासारखी पुंकेसरांची रचना असल्यामुळे आपल्याकडे ते देवळाच्या आवारात जाऊन बसले. जवळ उभे राहून पाहण्याची गोष्ट अशी की याची फुले फांद्यांच्या टोकांना न येता थेट खोडातून निघालेल्या, पिळलेल्या दोरखंडासारख्या डहाळ्यांवर येतात, आणि कधी कधी ती अगदी डोळ्यांच्या उंचीवर असतात. पाकळ्या आतून तांबूस गुलाबी, बाहेरून पिवळसर, आणि जाड. सकाळी त्यांचा वास वाऱ्यावर चार पावले आधीच येतो. त्याच डहाळ्यांवर तोफगोळ्याएवढी, टणक, तपकिरी फळे लटकलेली असतात. फळ पिकून खाली पडले आणि फुटले की त्या फुलाचे आणि या दुर्गंधीचे झाड एकच आहे यावर विश्वास बसत नाही. झाडाखाली बसून डबा खाऊ नये हे सांगायला नकोच.

तिसरे उर्वशी, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते बागेचे खरे वैभव तेच. हे मूळ ब्रह्मदेशातले झाड. वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनिएल वॉलिच यांना ते तिथल्या एका मठाच्या बागेत आढळले आणि त्यांनी गव्हर्नर जनरल अॅम्हर्स्ट यांच्या पत्नीच्या सन्मानार्थ त्याला अॅम्हर्स्टिया हे नाव दिले. साधारण जानेवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फांद्यांवरून हातभर लांबीचे लाल तुरे खाली लोंबतात. प्रत्येक फुलाच्या मोठ्या पाकळ्यांच्या टोकांना पिवळा ठिपका असतो. कोवळी पाने मरगळल्यासारखी खाली झुकलेली असतात म्हणून झाड आजारी असल्याचा गैरसमज करून घेऊ नये, तो त्याचा स्वभावच आहे. याला बी क्वचित धरते, त्यामुळे झाडे वाढवायची तर गुटी कलमावर भिस्त ठेवावी लागते. भारतात ते फार थोड्या ठिकाणी दिसते यामागे हेही एक कारण आहे.

याखेरीज सीताअशोक, वर्षावृक्ष, नाना जातींचे ताड-माड अशी पुष्कळ मंडळी आहेत. पुष्कळ झाडांवर नावांच्या पाट्या आहेत, त्या वाचत जावे.

कोणत्या महिन्यात जाणे उत्तम?

फुलांसाठी जानेवारी ते मे, हवेसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी. दोन्ही साधायचे असेल तर फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि महाराष्ट्राचे राज्यफूल असलेले ताम्हण फुलतात, पण घामाने जीव नकोसा होतो आणि शाळांना सुट्ट्या असल्याने गर्दीही उसळते. पावसाळ्यात गर्दी ओसरते आणि बाग सर्वांत हिरवी असते. छत्री धरून फिरण्याची तयारी असणाऱ्यांनी हा काळ मुद्दाम निवडावा.

जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला महापालिकेचे उद्यान खाते व वृक्ष प्राधिकरण यांचे झाडे, फुले, फळे आणि भाजीपाला यांचे वार्षिक प्रदर्शन याच बागेत भरते. घरच्या गॅलरीत कुंड्या ठेवणाऱ्यांना तिथे माहितीही मिळते आणि खरेदीही करता येते. ज्यांना शांतता हवी आहे त्यांनी मात्र नेमके तेच दिवस टाळावेत.

पेंग्विन खरेच आहेत का, आणि मुंबईच्या उकाड्यात ते कसे राहतात?

आहेत. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणण्यात आले. त्यांपैकी एक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावला, आणि मार्च २०१७ पासून ते लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. पुढे इथेच पिल्लेही जन्मली. हम्बोल्ट ही जात बर्फातली नव्हे, तर पेरू आणि चिली यांच्या किनाऱ्यावरची आहे. तरीही तिथला थंड सागरी प्रवाह आणि मुंबईचा मे महिना यांत फरक आहेच, म्हणून काचेआडच्या कक्षात तापमान साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस राखले जाते.

रविवारी पेंग्विनसाठीची रांग बागेतल्या इतर कोणत्याही रांगेपेक्षा मोठी असते. पेंग्विनच पाहायचे असतील तर बाग उघडताच सरळ तिकडे जावे आणि बाकीची बाग नंतर पाहावी. काचेवर टकटक करणे आणि फ्लॅश वापरणे या दोन्ही गोष्टी मुलांना आधीच बजावून ठेवाव्यात. मोठ्यांनाही बजावावे लागते, हे वेगळे सांगत नाही.

इतर कोणते प्राणी पाहायला मिळतात?

वाघ, बिबळ्या, अस्वल, पाणघोडा, हरणे, मगरी आणि पुष्कळ पक्षी. गजांआडचे जुने पिंजरे जाऊन काचेतून पाहता येतील असे प्रशस्त कक्ष २०२० पासून टप्प्याटप्प्याने खुले झाले, आणि ज्यांनी तीस वर्षांपूर्वीची बाग पाहिली आहे त्यांना हा फरक लगेच जाणवेल. पक्ष्यांच्या मोठ्या जाळीदार दालनात आपण आत शिरून चालू शकतो. दुपारी बाराच्या उन्हात वाघ झोपलेला असतो आणि त्याला उठवण्यासाठी आरडाओरडा करणे हा शुद्ध असभ्यपणा आहे. प्राण्यांना खाऊ घालण्यास अर्थातच मनाई आहे.

आवारातले संग्रहालय वेगळे पाहावे लागते का?

होय. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बागेच्या आवारातच आहे, पण त्याचे तिकीट वेगळे आहे आणि तेही बुधवारीच बंद असते. ज्यांना प्राण्यांत रस नाही त्यांना फक्त संग्रहालय पाहूनही परतता येते.

हे मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय. त्याचा संग्रह आधी फोर्टमधील टाउन बराक्समध्ये होता. १८५७ च्या उठावाच्या वेळी लष्कराला ती जागा तातडीने हवी झाली आणि वस्तू अक्षरशः बाहेर फेकल्या गेल्या. ब्रिटिश डॉक्टर जॉर्ज बर्डवुड यांनी त्यांतल्या शक्य तितक्या वाचवल्या आणि नव्या इमारतीसाठी वर्गणी जमवण्याच्या कामात नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी यांनी पुढाकार घेतला. २ मे १८७२ रोजी ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने खुले झाले, आणि १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. भाऊ दाजी मूळचे गोव्यातील मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, पुराविद्येचे अभ्यासक आणि दोनदा मुंबईचे शेरीफ. आपल्या इमारतीला योग्य माणसाचे नाव मिळाल्याचे उदाहरण शोधायचे तर ते इथे सापडते.

आत गेल्यावर आधी मान वर करावी. रंगवलेले छत, सोनेरी मुलामा दिलेले लोखंडी खांब आणि जिन्याची जाळी यांना जीर्णोद्धारात पूर्वरूप मिळाले, आणि त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातील सर्वोच्च वारसा पुरस्कार लाभला. वरच्या मजल्यावर जुन्या मुंबईतील लोकांच्या मातीच्या छोट्या प्रतिमा आहेत. कोणत्या जातीजमातीची पगडी कशी बांधली जाई, हे त्या बोटभर बाहुल्यांच्या डोक्यांवरून नीट कळते. मुलांना घाई न करता तिथे उभे राहू द्यावे.

संग्रहालयाबाहेरच्या दगडी हत्तीची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. हा हत्ती घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले ते याच्यामुळे. १८१४ मध्ये त्याचे डोके आणि मान तुटून पडली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलताना यारी (क्रेन) तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून टाकण्यात आले आणि १९१४ मध्ये जुळवून त्यांचा पुन्हा हत्ती करण्यात आला. जवळ जाऊन अंगावरून नजर फिरवली की काळ्या दगडातले सांधे ओळखू येतात. घारापुरीची लेणी पाहून आलेल्यांनी इथे आल्याखेरीज ती सहल पूर्ण झाली असे मानू नये, आणि लेण्यांतल्या वाटाड्यांनीही हे सांगायला हवे.

इथे ब्रिटिशांचे इतके पुतळे का आहेत?

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६५ मध्ये, शहरातील चौकांतून हलवलेले पुतळे ठेवायला हे आवार निवडले गेले. कॉर्नवॉलिस आणि वेलस्ली हे दोन गव्हर्नर जनरल आजच्या हॉर्निमन सर्कलच्या बागेतून आले. काळा घोडा या भागाला ज्याच्यामुळे नाव पडले तो एडवर्ड राजाचा अश्वारूढ ब्राँझ पुतळाही, अल्बर्ट ससून यांनी १८७९ मध्ये दिलेला, याच परिसरात आहे. तिकडच्या चौकात २०१७ मध्ये बसवलेला घोडा स्वाराविना आहे.

बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळाही इथेच पाहायला मिळतो. तो फोर्टमध्ये असताना १८९६ मध्ये दामोदर हरी चापेकर यांनी त्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली होती. रँडच्या वधाच्या आधीच्या वर्षीची ही घटना पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. पुतळ्यांशेजारी माहितीचे फलक थोडे मोठे आणि मराठीत असते, तर मुलांच्या सहलींना हा कोपरा नुसता ओलांडून जावे लागले नसते.

मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील तर किती वेळ धरावा?

संग्रहालयासह चार तास, त्याशिवाय अडीच ते तीन. रस्ते सपाट आहेत आणि सावली भरपूर आहे, त्यामुळे सावकाश चालणाऱ्या आजी-आजोबांनाही बाग झेपते. बाकही पुष्कळ आहेत. सकाळी प्राणी, उन्हे चढल्यावर संग्रहालयाचा गारवा, आणि परतताना झाडे, असा क्रम ठेवल्यास कोणी कुरकुरत नाही. पाण्याची बाटली पुन्हा भरता येईल अशी न्यावी आणि एकदा वापरून फेकण्याचे प्लॅस्टिक घरीच ठेवावे.

बागेतली झाडे नव्या बांधकामांमुळे धोक्यात आहेत, असे ऐकतो. त्यात तथ्य आहे का?

ही भीती निराधार नव्हती. २००७ च्या सुमारास संपूर्ण आवाराचे परदेशी धर्तीवर प्राणिसंग्रहालय करण्याचा मोठा आराखडा पुढे आला. त्यात वनस्पती उद्यानाचे काय होणार, या प्रश्नावरून नागरिक आणि वृक्षप्रेमी संघटित झाले. त्यांनी बागेतल्या झाडांची मोजदाद केली, लोकांना झाडांची ओळख करून देणाऱ्या फेऱ्या काढल्या आणि वारसा समितीपुढे बाजू मांडली. अखेर तो आराखडा मूळ स्वरूपात राबवला गेला नाही, आणि पुढची कामे अधिक मर्यादित राहिली. प्राण्यांना ऐसपैस जागा मिळणे आवश्यकच आहे. परंतु दीडशे वर्षांचे झाड तोडून त्याच्या बदली दहा रोपे लावल्याचा हिशेब ज्या कागदावर जुळतो, त्या कागदावर सावली मोजलेली नसते.

बागेनंतर आसपास आणखी काय पाहता येईल?

पाय दुखत नसतील तर भायखळ्यातच दोन-तीन ठिकाणे आहेत. उड्डाणपुलांच्या मधोमध उंच लोखंडी स्तंभावर उभा असलेला खडा पारशी, म्हणजे शेठ कर्सेटजी माणेकजी यांचा पुतळा, २०१४ मध्ये डागडुजी होऊन पुन्हा नीट दिसू लागला आहे. डेव्हिड ससून यांनी बांधलेले निळ्या रंगाचे मागेन डेव्हिड सिनेगॉग स्थानकाच्या पश्चिमेला आहे. तिथे आत जाण्यासाठी ओळखपत्र दाखवावे लागते, आणि शनिवारी प्रार्थनेचा दिवस असल्याने भेट ठेवू नये. स्थानकाजवळचे ग्लोरिया चर्च परतीच्या वाटेवरून बाहेरून पाहता येते.